एक बाही लाल

३ फेब्रुवारी, सोमवार

सूट मागायला माणसं आली! विकत नव्हे — काचेच्या कपाटात ठेवायला. वस्तुसंग्रहालयातली बाई आणि तिच्याबरोबर एक फोटो काढणारा. एक मार्चला प्रदर्शन आहे म्हणे. वेटसूट, म्हणजे लाटांवर फळी चालवणाऱ्यांचा रबरी सूट, कसा जन्माला आला, थंड पाण्यातून निघून तो फॅशनमध्ये कसा घुसला, असं काहीतरी. आमचा लाल बाहीचा सूट अगदी मधोमध.

यांचा आनंद गगनात मावेना. गुडघा दुखतो म्हणून सकाळपासून खुर्ची सोडली नव्हती, ते टुणकन उठून माळ्यावर चढायला निघाले. म्हटलं, "अहो, शिडीवर मी चढते. तुम्ही खाली गोष्ट सांगा." ती सांगितलीच! मी माळ्यावर धुळीत, तरी शब्द न् शब्द ऐकू येत होता. नसता आला तरी चाललं असतं, मला पाठ आहे. "पाण्यात सगळे फळीवाले काळेच काळे. कोण कोणता, पंचांना कळणार कसं? म्हटलं, माझी एक बाही लाल हवी!"

अडतीस वर्षं हीच गोष्ट. आणि अडतीस वर्षं गोष्ट संपायच्या सुमारास मी चहा घेऊन येते.

सूट पेटीत होता, पावडरमध्ये लोळवलेला. कोपरापाशी रबर तडकलंय. लाल रंग उडून विटकरी झालाय. पण शिवण — एक टाका हललेला नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

दिवसभर घरातल्या कटिंगच्या टेबलाशी, दुरुस्तीला आलेले गुडघेच गुडघे. सात सूट, चौदा गुडघे, सगळ्यांना ठिगळं. फळीवर रांगायचं आणि मग "बाई, रबर हलकं होतं" म्हणायचं. नाचता येईना अंगण वाकडं!

६ फेब्रुवारी, गुरुवार

संग्रहालयातली बाई आज एकटीच आली. लेकीच्या वयाची असेल. हातात पांढरे मोजे घालून सूट असा उचलते की जणू तान्हं मूल. मला हसू आलं. याच सूटवर मी एकदा बसून भाजी निवडली आहे.

तिने टॅबवर फोटो दाखवले. पहिल्या काळातले लोक लोकरीचे स्वेटर घालून समुद्रात! भिजलेली लोकर गुडघ्यापर्यंत लोंबलेली, ओठ निळे, आणि तरी फळी सोडवत नाही. मग रबर आलं — बुडबुड्यांचं, पाणबुड्यांसाठी केलेलं. पण आतून उघडं. अंगात चढवायला अर्धा डबा पावडर लागायची आणि नख लागलं की टर्रकन फाटायचं. मग आतून कापड चिकटवलं. ते मला काय सांगते! मामंजींच्या कारखान्यात मी दोन्ही तऱ्हा हाताळल्या आहेत. मामंजी म्हणायचे, "सूट म्हणजे छत्री नव्हे. पाणी आत येणारच. आलेलं पाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही, एवढंच आपलं काम." सासरे कडक होते, पण धंद्यातलं नेमकं बोलायचे.

पुढचे फोटो मात्र माझ्या डोक्यावरून गेले. रस्त्यावरच्या पोरी वेटसूटच्या कापडाचे फ्रॉक घालून. जाड, फुगीर, घामाचे! जाकिटाला पाठीमागे चेन, चेनीला हातभर दोरी. पाण्यात ती दोरी कशाला असते? एकट्याला हात मागे नेऊन चेन ओढता यावी म्हणून. रस्त्यावर कशाला? "लूक," ती म्हणाली. बरं बाई, लूक.

आणि मग तो फोटो. एक लांबलचक मुलगी, चेहऱ्यावर जगाचा कंटाळा, काळा कोट — आणि उजवी बाही लाल. "एकोणीस कंपन्यांनी ही बाही वापरलीय," ती म्हणाली. "टी-शर्ट, दप्तरं, बूट सुद्धा. बुटाला बाही नसते, पण एक बूट लाल." माझी बोटं आपोआप त्या फोटोवर गेली आणि फोटो मोठा झाला. बाहीचा उतार चुकलाय त्यांचा. खांद्यावर चुणी पडते.

जाताना तिने विचारलं, "एक कळत नाही. बाकी सूट पातळ रबराचा आणि लाल बाही जाड. ठरवून केली असती तर एकाच जाडीचं रबर नसतं का घेतलं?"

हुशार आहे. मी म्हटलं, "यांना विचारा." आणि यांना काय विचारणार, हे तर औषधाच्या दुकानात गेले होते.

९ फेब्रुवारी, रविवार

आता इथे तरी लिहून टाकते. कुणी वाचणार नाही.

लग्नाला चार महिने झाले होते. कटिंग करणारा सोडून गेला होता आणि मामंजींनी नाइलाजाने कात्री माझ्या हातात दिली. "शिवणकाम येतं म्हणालीस ना? बघू." त्या कारखान्यात त्यापूर्वी कुठल्या बाईने केरसुणीशिवाय काही धरलं नव्हतं. मी माझी कात्री खिडकीशेजारच्या खुंटीला टांगायची. सकाळी आले की आधी ती आहे ना ते बघायचे. वाटायचं, आज काढून घेतील, उद्या काढून घेतील.

तेव्हाचं रबराचं शीट एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूला कापड. कापड आत, अंगाला. म्हणजे डावी बाही कापली की उजवीसाठी पुठ्ठा, म्हणजे बाहीचा साचा, उलटायचा, तेव्हा कुठे जोडी जमते. कुणालाही कळेल. मलाही कळत होतं. यांच्या स्पर्धेला तीन दिवस होते, मी खडूने आखलं, कापलं, आणि जोडायला घेतलं तर — दोन्ही बाह्या डाव्या! पुठ्ठा उलटायचा राहिला. उलटून घालावी तर कापड बाहेर येतं.

पायाखालची जमीन सरकली. काळं शीट संपलेलं, नवं यायला आठवडा. खाली उरलं होतं एकच शीट, जीवरक्षकांच्या जाकिटांसाठी आणलेलं, लाल. जाड. मी कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर चूक सांगावी लागली असती. उजवी बाही लाल कापली आणि चिकटकाकांसमोर ठेवली.

चिकटकाका म्हणजे आमचे सोल्युशन लावणारे. शिवणीआधी कडा चिकटवायच्या, ते काम त्यांचं. शिवाय एकदा येऊन बसले की उठत नाहीत, म्हणूनही ते नाव. त्यांनी बाहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि ब्रश बुडवला. जादाची डावी बाही मी टेबलाखालच्या कतरणीत खोल दाबली.

दुसऱ्या दिवशी ताप आल्याचं नाटक करून मी घरीच राहिले. तिसऱ्या दिवशी गेले ती पाचावर धारण बसलेली. कात्री खुंटीवर होती. मामंजी मान वर न करता म्हणाले, "तीन नंबरचा सूट घे." बस्स! ना विचारलं, ना ओरडले. इतका कडक माणूस आणि नेमका याच वेळी कसा गप्प, हे मला आजतागायत कळलं नाही. कामाच्या गडबडीत असतील.

हे ती लाल बाही घालून तिसरे आले. पहिल्या दोघांची नावं आज कुणाला माहीत नाहीत! पेपरात फोटो यांचाच, कारण फोटोत माणूस म्हणून ओळखू येत होते ते हेच. पंधरा दिवसांत फळीवाले दारात — "आम्हालाही एक बाही लाल." आणि हे कमरेवर हात ठेवून, "माझीच कल्पना!"

मी समोर उभी होते. काय बोलणार? "नाही हो, माझी चूक"? मूग गिळून गप्प बसले. आणि मग गप्प बसायचीच सवय लागली. पण खरं सांगू? राग येतो. अजून येतो. आयत्या बिळावर नागोबा!

१० फेब्रुवारी, सोमवार

काल लिहिलेलं वाचलं. फाडणार होते. नाही फाडलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

लेकीचा फोन. तिला ती चूक मी कधीतरी, तिच्या पहिल्या नोकरीत ती रडत होती तेव्हा, सांगितली होती. तिने ते लक्षात ठेवलंय! "आई, या वेळी तरी बोल. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, न बोलणाऱ्याचं सोनंही विकलं जात नाही — तूच म्हणतेस ना?" मी म्हटलं, "तुझ्या बाबांना वाईट वाटेल." तर म्हणते, "आणि तुला अडतीस वर्षं वाटलं त्याचं काय?"

फोन ठेवला आणि मळलेलीच कणीक पुन्हा मळायला घेतली.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं!

ती बाई सूटचं माप घ्यायला आली होती. हे डॉक्टरांकडे गुडघा दाखवायला. मी चहा ठेवला आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं — दोन डाव्या बाह्या, लाल शीट, सगळं. ती लिहायचं थांबली. मग म्हणाली, "म्हणजे ही बाही तुमची आहे."

तुमची. एवढा एकच शब्द. रडू आलं मला, साठी उलटलेल्या बाईला. कपबशा धुवायचं निमित्त करून आत गेले.

ती म्हणाली, कपाटाखालची पाटी बदलते, खरं ते लिहिते. मी हो म्हटलं. यांना आधी सांगावं का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, "मी सांगते."

१७ फेब्रुवारी, सोमवार

नाही सांगितलं अजून. काल सांगणार होते, तर हे म्हणाले, "प्रदर्शनाला तू तो निळा ड्रेस घाल, तुला शोभतो." आता अशा माणसाला काय सांगायचं!

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

संग्रहालयाला अजून एक सूट हवा आहे, लोकांना हात लावून बघायला. तसाच, लाल बाहीचा. ती म्हणाली, तुमच्याच हातचा. यांचं तेव्हाचं मापाचं कार्ड काढलं. छाती अडतीस, कंबर एकोणतीस! कार्ड दाखवलं तर म्हणाले, "कुणाचं हे काडीपैलवानाचं?"

आता शीट दोन्ही बाजूंनी कापडाचं येतं. पुठ्ठा उलटा काय, सुलटा काय. चूक करायची म्हटलं तरी होत नाही. तरी खडू हातात घेतल्यावर पुठ्ठा दोनदा तपासला. हे खुर्ची ओढून शेजारी बसले होते, काठी गुडघ्यांत. एकदम म्हणाले, "पुठ्ठा उलटलास ना?"

मी वर बघितलं. हे खिडकीबाहेर बघत होते. सहज म्हणाले असतील. कटिंगच्या टेबलाशी बसलेला कुणीही तेच विचारतो. "उलटला," म्हटलं.

बाही सुंदर बसली. चुणी नाही.

२६ फेब्रुवारी, बुधवार

नवा शर्ट आणला यांनी. काठीला खालून नवं रबर बसवून घेतलं — चिकटकाकांकडून! ऐंशीला टेकले, हात थरथरतो, पण सोल्युशन लावताना थरथर बंद. दोघे मित्र अंगणात बसून हसत होते. आमच्या यांचं भाषणही तयार आहे. आरशासमोर म्हणून दाखवतात. "पाण्यात सगळे काळेच काळे…"

पाटीबद्दल अजून सांगितलेलं नाही. शनिवारी सगळ्यांसमोर वाचतील. मी दुष्ट आहे का? मग म्हणते, दुष्ट कशी, खरं तेच तर लिहिलंय. आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

१ मार्च, शनिवार. दुपार

अकराला उद्घाटन होतं. घरी येऊन तास झाला. ड्रेस अजून बदललेला नाही.

मोठं दालन, पांढरंशुभ्र. एका भिंतीला ते लोकरीचे स्वेटर, मग उघडं रबर, मग पोपटी-गुलाबी झगझगीत सूट — तेव्हा सगळ्यांना रंगांचं वेड लागलं होतं, एकेक माणूस आइस्क्रीमसारखा दिसायचा — मग पुन्हा सगळं काळं. दुसऱ्या भिंतीला रस्त्यावरचे कपडे. आणि मधोमध, दिव्याखाली, आमचा सूट. आत सळ्या घालून उभा केला होता, जणू आत्ता पाण्यातून आलाय. मला हे दिसले त्यात. सव्वीस वर्षांचे.

फॅशन शिकणारी पोरं बरीच होती, मागच्या खुर्चीत चिकटकाकाही. त्या बाईने माइक घेतला आणि पाटी वाचून दाखवली. सगळी आठवत नाही. एवढं आठवतं — "जगभर गाजलेली ही बाही कुणाच्या कल्पनेतून नव्हे, तर एका चुकीतून जन्मली. कारखान्याच्या नव्या सुनेने दोन्ही बाह्या डाव्या कापल्या…"

आणि लोक हसले. वाईट हसले नाहीत, कौतुकानेच हसले. पण हसले. एक पोरगा म्हणाला, "म्हणजे एवढी मोठी फॅशन एका बावळटपणामुळे?" आणखी हसू. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. निळा ड्रेस, हातात पर्स, कान तापलेले. मला वाटलं होतं, खरं लिहिलं की माझं नाव होईल. झालं ते हे! अडतीस वर्षं मीच कापत आले — हजारो बाह्या, एक चुकली नाही — आणि पाटीवर आली ती चुकलेलीच.

तेवढ्यात काठी वाजली. हे पुढे झाले. पाटी त्यांनी वाचली होती, चष्मा अजून नाकावर होता. माझ्याकडे बघितलंही नाही. मोठ्याने म्हणाले, "चूक कसली? मीच सांगितलं होतं तिला, लाल लाव म्हणून!"

मग तर हशाच पिकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा ऐकत नाही, असं सगळ्यांच्या तोंडावर. ती बाई माझ्याकडे कीव केल्यासारखी बघत होती. भाषण यांनी केलंच नाही. तेवढं बोलून काठी टेकत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मी तिथून निघाले ती चालतच घरी आले. एवढं छापून लावलं तरी या माणसाला सोडवत नाही! एक दिवस, फक्त एक दिवस, माझी चूक तरी माझी राहू दिली असती! इतका संताप मला लग्नानंतर कधी आला नव्हता. हे रिक्षाने मागून आले. "पाय दुखला का गं चालून?" म्हणाले. मी आत निघून गेले.

२ मार्च, रविवार

सकाळी चिकटकाका आले. नेहमीसारखे बसले. हे बाहेर अंगणात, मी आत, अजून फुगलेली. काका हसत म्हणाले, "काल तुझ्या नवऱ्याने पुन्हा तेच केलं बघ."

"पुन्हा?"

"तेव्हा केलं तेच. अगदी तेच वाक्य. तू तापाने घरी होतीस. तुझ्या सासऱ्यांना कतरणीत ती दुसरी डावी बाही सापडली. त्यांनी तुझी कात्री खुंटीवरून काढली, म्हणाले, उद्यापासून सुनेने घरात बसायचं. हा मध्ये उभा राहिला, म्हणाला, चूक कसली, मीच सांगितलं होतं तिला, लाल लाव म्हणून. बापाने विचारलं, मग ही जादाची? तर म्हणतो, तीही मीच सांगितली, एक फाटली तर असावी! बापाने कात्री परत टांगली. मग काय, एकदा बोलला ते बापासमोर जन्मभर बोलत राहावं लागलं."

माझा चेहरा बघून काका म्हणाले, "तुला माहीत नव्हतं? मला वाटलं, घरातलं घरात कळलं असेलच."

काका गेले. हे अंगणात उन्हात झोपलेत, तोंड उघडं, काठी खाली पडलेली. उठवलं नाही.

आत कटिंगच्या टेबलाशी येऊन बघितलं. कात्री खुंटीवर आहे.